'सॉरी' : एका शब्दाचा हिशेब

रायपूरच्या पुरानी बस्तीत टुरी हटरी नावाचा एक जुना बाजार आहे. छत्तीसगढीत टुरी म्हणजे मुलगी आणि हटरी म्हणजे लहानसा बाजार. विकणाऱ्या साऱ्या बायकाच असत म्हणून हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. नोकरीतून मोकळे झाल्यापासून सकाळी महामायेचे दर्शन घेऊन परतताना या बाजारातून भाजी आणण्याचे काम आमच्याकडे आले आहे. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका म्हातारीने लाल भाजीच्या जुड्या आणि टोमॅटोची टोपली पुढे मांडली होती. मोटारसायकलवरून आलेल्या एका तरुणाचे चाक टोपलीला लागले, टोमॅटो रस्ताभर झाले आणि त्यांतले चार-दोन मागून येणाऱ्या रिक्षाखाली गेले. तरुणाने वळून पाहिले, हात किंचित वर केला, 'सॉरी दाई' म्हटले आणि तो निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर उर्मटपणा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आम्ही टोमॅटो गोळा करू लागलो तेव्हा म्हातारीने विचारले, "का कहिस टूरा ह, साहेब?" पोरगा काय म्हणाला? आम्ही सांगितले, "माफी माँगिस, दाई." ती क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "मैं तो नइ दे हँव." मी तर दिली नाही.

घरी येईपर्यंत तिचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. तिच्या बोलण्यात काही चुकीचे नव्हते. चुकले होते ते आमचे भाषांतर. माफी मागितली म्हटले की मागणारा आला, देणारा आला आणि मागणे व देणे यांमधला काळ आला, त्या काळात मागणाऱ्याने उभे राहावे लागते. तो मुलगा काही मागत नव्हता. तो आपल्या मनाची स्थिती कळवून गेला होता, आणि स्थिती कळवणाऱ्याला उत्तराची वाट पाहावी लागत नाही. मग 'सॉरी' या शब्दाचे मराठी काय, किंवा छत्तीसगढी काय? आयुष्याची कित्येक वर्षे हा शब्द दिवसातून दहादा उच्चारूनही आम्हांस त्याचा अर्थ नीट ठाऊक नव्हता, हे त्या दिवशी कळले.

याच शब्दावरून पूर्वी एका जर्मन गृहस्थांशी झालेले बोलणे आठवले. ते अभियंते होते आणि कामानिमित्त काही महिने रायपुरात राहिले होते. इंग्रजी त्यांना उत्तम येई, पण या एका शब्दाने आपल्याला तरुणपणी फार छळले, असे ते सांगत. शाळेत त्यांनी 'सॉरी' म्हणजे क्षमायाचना एवढेच पाठ केले होते. पुढे त्यांचे वडील वारले, तेव्हा एका इंग्रज सहकाऱ्याने हात हाती घेऊन 'आय ॲम सॉरी' म्हटले. आणि या माणसाने माझ्या वडिलांचे काय वाईट केले होते, असा प्रश्न त्यांना त्या दुःखातही पडला. जर्मनांना या एका शब्दाच्या जागी निदान चार बोल लागतात. मृत्यूच्या प्रसंगी 'बाइलाइट', म्हणजे दुःखातील सोबत. समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही तर 'वी बिट्टे'. एखादी गोष्ट मनाला लागली तर 'एस टूट मिअर लाइट', त्याने मला दुःख होते. आणि आपल्या हातून अपराध घडला तर 'एन्टशुल्डिगुंग'. इंग्रज या चारही ठिकाणी 'सॉरी' म्हणून मोकळा होतो, आणि शिवाय एखाद्या मोडक्या खुर्चीची अवस्थाही 'सॉरी' असल्याचे सांगतो.

शेवटच्या जर्मन शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. 'शुल्ड' या जर्मन शब्दाचे दोन अर्थ आहेत : अपराध आणि कर्ज. 'एन्टशुल्डिगुंग' म्हणजे त्यातून मोकळीक. नीत्शेने १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या नीतीच्या उगमावरील ग्रंथात याच दुहेरी अर्थावर बोट ठेवून, अपराधाची सारी कल्पनाच सावकार आणि ऋणको यांच्या व्यवहारातून निघाली, असा सिद्धांत मांडला. तो सर्वस्वी पटो वा न पटो, भाषेची साक्ष त्याच्या बाजूने आहे. 'फेर्त्साइहुंग' हा क्षमेचा दुसरा जर्मन शब्द. त्याचा मूळ अर्थ आपला हक्क सोडून देणे. सावकाराने कागद फाडावा तसे. म्हणूनच भाषेबाबत काटेकोर असलेल्या जर्मनांना आजकालची 'मी स्वतःला एन्टशुल्डिगुंग देतो' अशा अर्थाची बोलण्याची रीत खपत नाही. कर्जदाराने आपणच आपले कर्ज सोडून कसे द्यावे, असे ते विचारतात. आमच्या अभियंत्यांचा आक्षेप याच्याही पुढचा होता. त्यांच्या देशातील तरुण पिढी आता हे सारे सोडून सरळ 'सॉरी' म्हणते, आणि या इंग्रजी शब्दात कर्जही नाही, सावकारही नाही, असे त्यांचे म्हणणे. 'सॉरी'चे मूळ जुन्या इंग्रजीतील दुखऱ्या जखमेच्या शब्दात आहे. 'सोअर' हा त्याचा भाऊ. गंमत अशी की त्याच कुळातला जर्मन शब्द 'झेअर' एकेकाळी वेदनेचाच वाचक होता आणि आज त्याचा अर्थ केवळ 'फार' एवढाच उरला आहे. वेदना घासून घासून क्रियाविशेषण होऊन बसली. 'सॉरी'चेही तेच होऊ घातले आहे काय, असे त्यांनी विचारले होते. त्या वेळी आम्ही हसून विषय बदलला.

म्हातारीच्या वाक्यानंतर आम्ही आपल्या घरचे शब्द काढून पाहू लागलो. जर्मनांनी नामात जे केले ते मराठीने क्रियापदात केले आहे. आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो आणि पापही फेडतो. 'कुठे फेडशील हे पाप?' असे आमची आजी म्हणे, तेव्हा ती एखाद्या दुकानाच्या उधारीविषयी बोलत आहे असेच आम्हांस लहानपणी वाटे. चूक या शब्दाची कथा याहून मौजेची. हातून घडते ती चूक. आणि देणे भागवून टाकणे म्हणजे हिशेब चुकता करणे. पण मराठीत कर चुकवणारा तो लबाड, आणि हिंदीत कर चुकानेवाला तो सज्जन! आमचे एक स्नेही नव्याने बदली होऊन या प्रांतात आले, तेव्हा 'समय पर कर चुकाइए' अशी पाटी वाचून, येथील शासन फारच उदार दिसते, असे म्हणाले होते. विनोद सोडला तरी चुकवणे या एकाच शब्दात देणे देऊन टाकणे आणि देण्यातून निसटून जाणे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसावेत, ही गोष्ट आमच्या मते भाषेने माणसाची केलेली नेमकी पारख आहे.

माफी हा शब्द तर महसूल खात्यात दिवस काढलेल्या वाचकांना आम्ही काय सांगावा! मूळ अरबी, आपल्या दप्तरात तो आला तो साऱ्याच्या संदर्भात. नागपूरकर भोसल्यांचे राज्य छत्तीसगढावर होते तेव्हाची आणि १८५४ नंतर इंग्रजांनी चालू ठेवलेली मुआफीची गावे व जमिनी यांचे कागद ज्यांनी चाळले असतील, त्यांना ठाऊक आहे की माफी म्हणजे येणे सोडून देणे. आजही फीमाफी आणि कर्जमाफी हे शब्द त्याच अर्थाने चालतात. माफी देणे हा सर्वथा देणाऱ्याचा अधिकार असतो. सारा ज्याला द्यायचा, त्याने स्वतःच तो माफ करून टाकल्याचे एकही उदाहरण दप्तरात मिळावयाचे नाही. टुरी हटरीतल्या त्या म्हातारीने दप्तर पाहिले नव्हते, पण कायदा तिला अचूक माहीत होता.

आणि क्षमा? हा शब्द संस्कृतातला. 'क्षम्' म्हणजे सहन करणे, आणि क्षमा हे पृथ्वीचेही एक नाव आहे. अपराध्याच्या मनात काय चालले आहे याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही. ज्याने सोसले त्याचा हा गुण. 'क्षमा करा' म्हणणारा माणूस वस्तुतः 'आणखी थोडे सोसा' असे म्हणत असतो. हा शब्द मोठा खरा, पण उच्चारताना जरा संकोच वाटावा असाच.

आमच्या लहानपणी घरात यांतला कोणताही शब्द वापरलेला आम्हांस आठवत नाही. कुणाला पाय लागला तर वाकून हात लावून तो कपाळाशी न्यावा, एवढे शिकवले होते, आणि ते माणसाला तसेच पुस्तकालाही लागू होते. वडिलांनी एकदा दुसऱ्याच्या खोडीबद्दल आम्हांस मारले. खरे कळल्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी कचेरीतून येताना पेढ्याचा पुडा आणला आणि प्रथम आमच्या हाती दिला. ते पुरेसे होते, असे आम्ही पुष्कळ वर्षे अभिमानाने सांगत आलो. आता तितकी खात्री वाटत नाही. पेढ्याने फेड झाली, पण मारले ते चुकीचे होते हे धाकट्या भावंडांसमोर कुणी बोलले नाही, आणि आम्ही खोडकर हा लौकिक घरात तसाच राहिला.

ही गोष्ट आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितली, कारण कचेरीची सारी भाषा याच जागी येऊन अडते. मराठी कचेरीत दिलगिरी व्यक्त होते, हिंदी कचेरीत खेद होतो. दिलगिरी म्हणजे हृदय कशाने तरी धरले जाणे. म्हणजे पुन्हा ज्याचे त्याचे मन. अर्ज नामंजूर करतानाही खेद, आणि अर्ज हरवला तरीही खेद. दिलगिरी आणि माफी यांमधील अंतर राजकारणी लोकांना फार चांगले कळते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला शंभर वर्षे होत असताना, १० एप्रिल २०१९ रोजी, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटात तीव्र खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. शब्दांची ती निवड काही अनवधानाने झालेली नव्हती. खेदाला देणे नसते, माफीला असते. याच्या उलट ७ डिसेंबर १९७० या दिवशी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सा येथे ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापुढे पुष्पचक्र ठेवून गुडघ्यांवर बसले. ते एक शब्दही बोलले नाहीत. स्वतः ब्रांट हे हिटलरच्या राजवटीतून १९३३ सालीच निसटून नॉर्वेला गेलेले. त्यांच्या अंगावर वैयक्तिक देणे असे काहीच नव्हते. ज्याचे देणे नाही तो गुडघे टेकतो आणि ज्यांच्या दप्तरात देणे स्पष्ट लिहिलेले आहे ते शब्द तोलून वापरतात. व्यवहार असा उलटा चालतो खरा.

पण शब्द उच्चारला की देणे फिटले, असे तरी कुठे आहे? या प्रश्नाचा एक विलक्षण दाखला आमच्या रायपूरचाच आहे, आणि तो एका मराठी माणसाचा आहे. पंडित माधवराव सप्रे यांचे नाव येथे हिंदी पत्रकारितेचे आद्य पुरुष म्हणून आदराने घेतात. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी'. पुढच्याच वर्षी ऑगस्टात राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना पकडण्यात आले. थोरल्या भावाने गळ घातली, जीव देण्याची भाषा केली. सप्र्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. ज्या सरकारला ती माफी मागितली, त्या सरकारचे ते काहीएक देणे लागत नव्हते. ज्यांचे देणे लागत होते असे त्यांना वाटले, त्या वाचकांना आणि सोबत्यांना माफी मागणारे पत्र लिहून भागण्याजोगे नव्हते. मग त्यांनी वर्ध्याच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांचा आश्रय केला. संपादक म्हणून गाजलेला हा माणूस मधुकरी मागून राहू लागला आणि दासबोधाची पारायणे करू लागला. पुढे त्यांनी दासबोध हिंदीत आणला, टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. त्या माफीपत्राबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. भावाचा जीव एका पारड्यात असताना दुसरे पारडे कसे धरावे, हे घरी बसून सांगणे सोपे आहे. आम्हांस दिसते ते एवढेच की, एक सही चुकीच्या दाराशी केली गेली आणि योग्य दारापाशी जाण्यासाठी त्यांना पुढील आयुष्य खर्चावे लागले. दोन भाषांतील हजारो पाने त्या वाटेवर पडलेली आहेत. हिंदी वाचकाला दासबोध मिळाला तो एका माफीपत्रामुळे, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो आवरलेला बरा.

भाद्रपदात येथील जैन स्नेह्यांकडून 'मिच्छामि दुक्कडम्' असा निरोप येतो. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. पूर्वी ते घरी येऊन हात जोडून म्हणत, आता फोनवर चित्र येते. ज्ञात-अज्ञात साऱ्या अपराधांबद्दल एकदम मागितलेली ही क्षमा आम्ही आनंदाने स्वीकारतो आणि आमच्याकडूनही पाठवतो. या वर्षी मात्र पाठवताना हात थांबला, कारण आमचा एक अपराध अगदी ज्ञात होता आणि तो कुठे राहतो तेही ठाऊक होते.

ती हकीकत अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही येथील एका कार्यालयात अधिकारी होतो. एक महत्त्वाची फाइल सापडेना. मोठ्या बाबूंनी टिपणी मांडली की ती भृत्याच्या हलगर्जीपणाने गहाळ झाली. आम्ही स्पष्टीकरण मागवले, ते समाधानकारक वाटले नाही, आणि त्याची एका वर्षाची वेतनवाढ रोखली. सात महिन्यांनी ती फाइल आमच्याच कपाटात, आमच्याच कागदांखाली निघाली. आम्ही तत्काळ शुद्धिपत्र काढले. लपवाछपवी केली नाही. वेतनवाढ पूर्ववत झाली, थकबाकीची पै न पै मिळाली. शुद्धिपत्रात वाक्य होते : 'लिपिकीय त्रुटि के कारण'. चूक आमची, आणि ती ज्याचा यात काही संबंध नव्हता अशा लिपिकाच्या नावे पडली. तोही बिचारा सर्वसाधारण लिपिक, विशिष्ट कोणी नव्हे. शुद्धिपत्र हा शब्दही पाहा. कोणाची शुद्धी त्याने होते? काही दिवसांनी आमची बदली झाली. हिशेब चुकता झाला, असेच आम्ही मानत होतो. तो कोणत्या अर्थाने चुकला, ते त्या म्हातारीने दाखवून दिले.

ते गृहस्थ पुरानी बस्तीतच, जैतूसाव मठाच्या मागच्या अंगाला एका गल्लीत राहतात. नोकरीत आम्ही त्यांना एकेरीत हाक मारीत असू. आता ते जमले नसते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारी गेलो. त्यांनी ओळखले, खाट अंगणात ओढली, आत चहा सांगितला. मुलानातवंडांची विचारपूस झाली, मोतीबिंदूचे झाले, दोघांच्याही गुडघ्यांचे झाले. चहा आला. 'सॉरी' म्हणणे तेथे शक्यच नव्हते. 'क्षमा' म्हणावे तर त्यांनी आणखी सोसावे असे सांगण्याजोगे होते. 'माफी' म्हणावे तर ती त्यांनी लगेच दिली असती, साहेबाला नाही कसे म्हणायचे म्हणून. आणि तशी घेतलेली माफी म्हणजे वसुलीच. शेवटी आम्ही काही न मागता जे घडले तेवढेच सांगितले. त्यांच्या भाषेत सांगितले, कारण आमचा हुकूम त्यांच्या भाषेत नव्हता. "ओ फाइल मोर अलमारी मा रिहिस. गलती मोर रिहिस. लिपिक के नइ रिहिस, तुँहर घलो नइ."

त्यांनी कप खाली ठेवला. आतून त्यांच्या पत्नी दारापर्यंत आल्या आणि तेथेच उभ्या राहिल्या. त्या वर्षी धाकट्या मुलीचे ठरलेले लग्न पुढे ढकलावे लागले होते, हे आम्हांस तेव्हा त्यांच्याकडून कळले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पंचांगातील तिथी सांगावी तसे त्या म्हणाल्या. पैसे अडले म्हणून नव्हे, तर 'फाइल हरवणाऱ्याची मुलगी' असा शब्द सोयऱ्यांच्या कानी गेला होता म्हणून.

"मैं जानत रहेंव, साहेब," ते म्हणाले. फाइल आमच्या कपाटात आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्याच सांगण्यावरून त्यांनीच ती तेथे ठेवली होती.

मग सांगितले का नाही, असे आम्ही विचारले. विचारताना आवाज किंचित चढला असावा, जुनी सवय.

ते हसले. "आप मन पूछेव कहाँ?"

आम्ही स्पष्टीकरण मागवले होते. कागद पाठवला होता, तीन दिवसांची मुदत दिली होती, उत्तरावर त्यांचा अंगठा नव्हे तर सही होती. कुणी लिहून दिलेल्या मजकुराखालची सही. समोर बसवून विचारले मात्र नव्हते.

अंधार पडू लागला होता. मठात आरतीची घंटा सुरू झाली. त्यांनी आमच्या कपाकडे पाहिले आणि तो उचलून आमच्या हातात दिला. "पी लेव," ते म्हणाले, "जुड़ा जाही."